दोन हजार फुटांचे देव आणि दहा इंचांचं पान

मागवताना पहिली चूक नावातच होते. 'इटर्नल्स' असं शोधलं की नील गेमन आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांची २००६ ची मालिका, २०२१ ची नवी मालिका आणि चित्रपटासोबत आलेली पुस्तकं असं सगळं एका रांगेत समोर येतं. या परीक्षणातलं पुस्तक म्हणजे चित्रकार-लेखक जॅक कर्बीच्या जुन्या अमेरिकी कॉमिक मालिकेचं, मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनं काढलेलं 'इटर्नल्स बाय जॅक कर्बी: द कम्प्लीट कलेक्शन', कागदी बांधणीचं, चारशेच्या आसपास पानांचं. वर्णनात 'अंक १ ते १९ आणि वार्षिकांक १' असं लिहिलेलं आहे का, एवढं बघा. नुसतं 'बुक वन' किंवा 'बुक टू' असेल तर ती जुनी दोन भागांतली आवृत्ती आहे आणि अर्धीच मालिका घरी येईल. नागपुरात इंग्रजी कॉमिक्सचा कप्पा ठेवणाऱ्या दुकानांतही बहुतेक नवी पुस्तकंच असतात, त्यामुळे सीताबर्डीत फिरण्याआधी दुकानदाराला फोन करून मागवायला सांगणं बरं. किंमत डॉलरच्या भावाप्रमाणे आणि विक्रेत्याप्रमाणे हलत राहते. पानामागे सात-आठ रुपयांच्या वर जात असेल तर थांबा.

आता हेच पुस्तक का घ्यायचं? कॅप्टन अमेरिका, फॅन्टॅस्टिक फोर, न्यू गॉड्स अशी मोठी नावं कर्बीच्या खात्यावर असताना १९ अंकांत बंद पडलेली मालिका कशाला? कारण कर्बीनं आयुष्यभर विज्ञानकथेतून काय उचललं ते इथं सगळ्यात उघडं दिसतं. बाकी ठिकाणी मधे सुपरहिरोचा झगा येतो. इथं तो जवळजवळ नाहीच.

कर्बी म्हणजे जेकब कुर्ट्झबर्ग, जन्म १९१७, न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडची गरीब वस्ती. लहानपणी पावसात गटाराकडे वाहत चाललेलं 'वंडर स्टोरीज'सारखं एक मासिक त्यानं उचललं, मुखपृष्ठावर रॉकेट होतं आणि त्यानं ते लपवून वाचलं, ही गोष्ट तो पुढे मुलाखतींत सांगायचा. त्या काळच्या स्वस्त विज्ञानकथा-मासिकांची मुखपृष्ठं, विशेषतः फ्रँक आर. पॉलची, आठवून बघा: पान भरून टाकणारं यंत्र आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांएवढी माणसं. प्रमाणाचा हा खेळ कर्बीनं तिथून उचलला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डन वाचलेल्या आपल्याकडच्या पिढीला दुसरा धागाही ओळखू येईल. अलेक्स रेमंडचा फ्लॅश गॉर्डन १९३४ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाला आणि त्या पट्ट्यांवर वाढलेल्या पोरांपैकी कर्बी एक. फरक असा, की रेमंडचं चित्र देखणं आहे आणि कर्बीचं वजनदार. रेमंडची माणसं नाचल्यासारखी लढतात, कर्बीची माणसं भिंत पाडतात.

मधला प्रवास भराभर पाहून घेऊ. १९५८ मध्ये 'स्काय मास्टर्स' ही दैनिक पट्टी आली, त्यात अंतराळस्पर्धा बरीचशी वास्तववादी पद्धतीनं येते आणि सुरुवातीची शाई, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाईनं रेघ काढण्याचं काम, वॉली वुडची असल्यानं कर्बीच्या चित्रांपैकी ती सगळ्यात तुकतुकीत आहेत. गागारिन १९६१ च्या एप्रिलमध्ये वर गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबर तारखेच्या 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकात चार माणसं घाईघाईनं रॉकेट चोरून वैश्विक किरणांत सापडली. १९६६ मध्ये ग्रह खाणारा गॅलॅक्टस आला. १९७० नंतर डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेकडे 'न्यू गॉड्स' आणि तिच्या जोडीच्या मालिका. १९७५ मध्ये मार्व्हलकडे परत आल्यावर १९७६ मध्ये '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाचं कॉमिक रूपांतर, आणि त्याच वर्षी 'इटर्नल्स'चा पहिला अंक.

त्या अंकाचं बीज कोणतं ते लपलेलं नाही. एरिक फॉन डॅनिकेनचं १९६८ चं पुस्तक सत्तरच्या दशकात घरोघरी वाचलं जात होतं: प्राचीन माणसांचे देव म्हणजे परग्रहावरचे अंतराळवीर, आणि मंदिरं, पिरॅमिड, नाझ्काच्या रेषा या त्यांच्या खुणा. कर्बी हे सूत्र घेऊन अँडीजमधल्या इंका अवशेषांत शिरतो. पुरातत्त्वज्ञ डॅमियन, त्याची मुलगी मार्गो आणि आइक हॅरिस नावाचा वाटाड्या, जो निघतो इकॅरिस, म्हणजे स्वतःच एक इटर्नल. मग इतिहास उलगडतो: सेलेस्टियल नावाचे अवाढव्य पाहुणे पृथ्वीवर येऊन वानरसदृश पूर्वजांवर प्रयोग करतात आणि तीन वंश तयार होतात. माणूस, सुंदर आणि अमर इटर्नल, आणि दर पिढीत वेगळंच रूप घेणारे डीव्हियंट. सेलेस्टियलांची दुसरी फेरी डीव्हियंटांचं लेमुरिया बुडवते, आपल्या पुराणांतला आणि बायबलातला महापूर तिथून आला म्हणे. तिसरी फेरी इंकांकडे. चौथी फेरी आत्ताची, पन्नास वर्षं निरीक्षण करून निकाल देणारी.

विज्ञान म्हणून हे सगळं टाकाऊ आहे आणि ते तसंच म्हणावं. डॅनिकेनच्या मांडणीत एक ओंगळ गृहीतक दडलेलं आहे: इंका, माया, इजिप्शियन यांना दगड रचता येणं शक्यच नाही, कुणीतरी वरून येऊन शिकवलं असलं पाहिजे. नागपूरकरांनी हे काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला जाऊन तपासावं. तिथली शिळावर्तुळं इथल्याच लोकांनी आपल्या मृतांसाठी उभी केली, रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये त्यांची नोंद छापली, आणि त्यासाठी कुठलंही यान उतरावं लागलं नाही. लोणारला लवणासुराची कथा आहे आणि बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेला खड्डाही आहे. दोन्ही आपापल्या जागी राहतात, तिसऱ्या पाहुण्याची गरज पडत नाही.

लेमुरियाचं प्रकरण तर आपल्या दाराशी येतं. हे नाव १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञानं काढलं. मादागास्कर आणि भारत यांच्यातल्या प्राण्यांचं साम्य समजावण्यासाठी मधे बुडालेला भूखंड असावा, असा तर्क. पुढे खंड सरकतात हे सिद्ध झालं, बुडालेला भूखंड रद्द झाला आणि जागा मिळाली ती गोंडवनाला, म्हणजे आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून ज्याला नाव पडलं त्या खऱ्याखुऱ्या महाखंडाला. कर्बीनं रद्द झालेला लेमुरिया उचलला आणि हिंदी महासागरातून थेट प्रशांत महासागरात नेऊन ठेवला. गूढवाद्यांनी तो आधीच तिकडे सरकवला होता, त्यामुळे सगळा दोष त्याचा नाही.

पण डॅनिकेनमुळे कर्बीला ही कल्पना सुचली, असं सरसकट लिहिलं जातं ते अर्धवट आहे. १९५९ मध्येच, म्हणजे त्या पुस्तकाच्या नऊ वर्षं आधी, डीसीच्या 'हाउस ऑफ मिस्टरी'मध्ये त्यानं बेटावरच्या दगडी पुतळ्यांत परग्रहवासी बसवले होते. स्वस्त मासिकांत ही कल्पना दशकानुदशकं फिरत होती. डॅनिकेननं ती खरी म्हणून विकली आणि कर्बीनं ती पुन्हा जिथली तिथे, कथेत, आणून ठेवली.

आता चित्राकडे. दुसऱ्या अंकात अरिशेम नावाचा सेलेस्टियल उतरतो तिथून सुरुवात करा. सेलेस्टियलची उंची कथेत २,००० फूट सांगितली जाते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर, म्हणजे हजारेक फूट. अरिशेम समुद्रकिनाऱ्यावर उभा राहिला तर आपलं शहर त्याच्या कमरेशी येईल. सहा फुटी माणूस ३३३ पट मोठा केला, तर हाडांचा छेद सुमारे १ लाख ११ हजार पट वाढतो आणि वजन सुमारे ३ कोटी ७० लाख पट. म्हणजे पायावर येणारा ताण ३३३ पट. असा प्राणी उभा राहताच मोडेल. नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेला मराठी वाचक हे गणित आधी करणार, आणि त्यानं करावंही. कर्बीनं ते केलेलं नाही, पण चित्रकाराच्या अक्कलेनं तो त्याच्या आसपास पोचतो. त्याचे सेलेस्टियल धावत नाहीत, लढत नाहीत, बहुतेक वेळ नुसते उभे असतात. बोलतही नाहीत. फॅन्टॅस्टिक फोरमधला गॅलॅक्टस तासभर भाषण देतो आणि त्यामुळेच लहान वाटू लागतो. दहा वर्षांत कर्बी हे शिकला.

उंची दाखवण्याची त्याची रीत पानावर बोट ठेवून पाहता येते. क्षितिज फार खाली. अंगठा, पाय किंवा शिरस्त्राण चौकटीच्या बाहेर गेलेलं, म्हणजे पूर्ण आकृती मावतच नाही असं वाटावं. पायथ्याशी माणसं दोन-तीन फटकाऱ्यांची. आणि चिलखतावर नक्षी इतकी दाट की डोळा तिथेच अडकतो. ही नक्षी अर्धी मेसोअमेरिकी शिल्पाची आणि अर्धी इलेक्ट्रॉनिक सर्किटची. धातूवर ज्या काळ्या वळवळत्या रेघा दिसतात ती चमक आहे. तिला कुठला नियम नाही, प्रकाश कुठून येतो ते विचारू नका. यंत्र चालेल का, हेही विचारू नका. कर्बीच्या यंत्राला तारा कुठे जोडल्यात ते कधीच कळत नाही, तरी ते बंद केलेलं असलं तरी गुणगुणत असेल असं वाटतं.

ऊर्जा दाखवणारे काळे ठिपके, ज्याला कर्बी क्रॅकल म्हणतात, ते इथं भरपूर आहेत. शिकणाऱ्यांसाठी थोडं खोलात: ठिपका हे चित्र नाही, ठिपक्यांमधली रिकामी जागा हे चित्र आहे. गोळे वेगवेगळ्या आकारांचे, काही एकमेकांना चिकटलेले, काही सुटे, आणि मधल्या फटींतून प्रकाश फुटतो. कॉपी करताना नेहमी होणारी चूक म्हणजे सगळे ठिपके एकाच मापाचे आणि सारख्या अंतरावर. मग ते विश्वशक्तीऐवजी कांजिण्या दिसतात. मार्करनं करायचं तर तीन जाडीची टोकं घ्या, आधी मोठे गोळे टाका, मग मधले, शेवटी बारीक, आणि प्रत्येक टप्प्याला कागद उलटा धरून पांढऱ्या जागेचा आकार बघा. याची कच्ची रूपं कर्बीच्या १९४० च्या 'ब्लू बोल्ट'मध्ये सापडतात, पक्कं रूप १९६५-६६ च्या फॅन्टॅस्टिक फोरमध्ये आलं.

शाईचा फरकही याच एका पुस्तकात दिसतो. सुरुवातीच्या अंकांना जॉन व्हरपूर्टेनची शाई आहे, पुढचा बराचसा भाग माइक रॉयरचा. व्हरपूर्टेन कडा थोड्या मऊ करतो. रॉयर पेन्सिलीत जे आहे ते जसंच्या तसं उतरवतो, चौकोनी बोटांसकट. कर्बीची पेन्सिल कशी होती हे पाहायचं तर रॉयरचे अंक बघावेत. आणखी एक तांत्रिक बाब: साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मूळ चित्र सुमारे साडेबारा बाय साडेअठरा इंचांच्या कागदावर काढत, नंतर ते दहा बाय पंधरावर आलं. कागद लहान झाला तसा कर्बीनं तपशील कमी न करता रेघ जाड केली. सत्तरीतला कर्बी ठोकळ्यासारखा दिसतो त्याचं हे एक कारण.

छपाईबद्दल तक्रार आहे. मूळ अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर आले होते. तेव्हाच्या रंगयोजनेत तीन शाया, प्रत्येकीच्या चार पायऱ्या (कोरी, पाव, अर्धी, पूर्ण) म्हणजे एकूण ६४ छटा मिळत. पिवळट कागद शाई पिऊन टाकायचा आणि भडक रंग आपोआप खाली बसायचे. तेच रंग इथं पांढऱ्या, गुळगुळीत कोटेड कागदावर आले की गुलाबी आणि हिरवा अंगावर येतात. उपाय साधा आहे: पांढऱ्या ट्यूबखाली वाचू नका. २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावला की पान बरंच शांत होतं . दिवा डोक्यामागे नको, डाव्या खांद्याच्या बाजूला हवा.

सगळ्यात मोठी अडचण मधल्या शिवणीची आहे, खरं तर शिवण नसल्याची. बांधणी गोंदाची आहे. कर्बीला अंकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दोन पानं मिळून एक भव्य चित्र काढायची सवय होती, आणि उघडं पुस्तक सव्वातेरा इंच रुंद असलं तरी चारशे पानांच्या गोंदबांधणीत मधला पट्टा कण्यात जातो. अनेक ठिकाणी नेमका चेहरा किंवा हात तिथेच असतो. पुस्तक दाबून सपाट करायचा मोह आवरा, कणा तडकतो आणि पानं सुटतात. नवीन प्रत आली की कण्यावर उभी धरा, पुढून वीसेक पानं उघडून हलक्या हातानं मोडीवर बोट फिरवा, मग मागून वीसेक, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. दहा मिनिटांचं काम आहे. जोडचित्रं अखंड पाहायची असतील तर डिजिटल आवृत्ती टॅबलेटवर आडवी धरून बघा. दहा इंची पडद्यावर ते चित्र छापील मापाच्या निम्म्याहून थोडंसंच मोठं दिसतं, पण मधे काही गिळलं जात नाही. 'मॉन्स्टर-साइज' नावाची मोठ्या मापाची जाड पुठ्ठ्याची आवृत्तीही निघाली होती. ती मिळाली आणि परवडली तर प्रश्नच मिटला, फक्त मांडीवर घेऊन वाचायची सोय नाही.

कथेचं काय? तिसऱ्या अंकापासून क्रो नावाचा डीव्हियंट सैतानाचं रूप घेऊन न्यू यॉर्कमध्ये उतरतो आणि सेलेस्टियलांविरुद्ध माणसांना बिथरवायला बघतो. ही कल्पना झकास आहे, माणसाच्या भीतीचीच वंशावळ. आठ ते दहा हे अंक पुस्तकाचा गाभा. डीव्हियंटांच्या नगरीत देखण्या चेहऱ्याचा रिजेक्ट जनावरासारखा लढतो आणि राक्षसी देहाचा कार्कस तत्त्वज्ञाच्या शांतपणानं बोलतो. बाराव्यात सगळे इटर्नल मिळून एकच मन होतात. चौदा आणि पंधरा मात्र पटापट उलटा. कर्बीला ही मालिका मार्व्हलच्या इतर नायकांपासून वेगळी ठेवायची होती, विक्रीसाठी हल्क आत घ्यावा असा दबाव होता, आणि त्यानं खरा हल्क न आणता यांत्रिक हल्क आणून दोन्ही डगरींवर पाय ठेवला. कुणाचंच समाधान झालं नाही. १९ व्या अंकात, जानेवारी १९७८ च्या तारखेला, मालिका तुटते. पन्नास वर्षांचा निकाल लागतच नाही. पुढचा धागा दुसऱ्या लेखकांनी 'थॉर' मालिकेत १९८० पर्यंत कसाबसा गुंडाळला, तो या पुस्तकात नाही आणि नसलेलाच बरा.

संवाद सगळे कॅपिटल अक्षरांत, दर वाक्याला उद्गारचिन्ह, मधेच ठळक शब्द. कर्बीचं लिहिणं दगड फोडल्यासारखं आहे. नववी-दहावीच्या मुलाला वाचता येईल, पण सलग तीन अंकांनंतर डोकं भणभणतं. दिवसाला एक अंक पुरे, एकेका अंकात कथेची १७-१८ पानंच आहेत. इटर्नलांच्या नावांची गंमत मुलांना सांगा: सर्सी म्हणजे होमरची सर्की, मॅकारी म्हणजे मर्क्युरी, थीना म्हणजे अथीना, झुरास म्हणजे झ्यूस. ग्रीक-रोमनांनी ऐकताना चुका केल्या, असं कर्बीचं म्हणणं. २०२१ चा चित्रपट पाहून येणाऱ्यांनी आधीच जाणून असावं की तिथला बॉलीवूडवाला किंगो आणि त्याचा सेवक झालेले हरीश पटेल इथं भेटणार नाहीत. कर्बीचा किंगो जपानी सामुराईपटांतला नट आहे.

आणि ज्यांना कर्बीच्या हातचे हिंदू देव पाहायचेत, त्यांनीही इथं शोधू नये. रॉजर झेलाझ्नीच्या १९६७ च्या 'लॉर्ड ऑफ लाइट' कादंबरीत दूरच्या ग्रहावरचे वसाहतवाले यंत्रांच्या जोरावर ब्रह्मा, यम, काली बनून बसतात. १९७९ मध्ये तिच्यावरच्या चित्रपटासाठी कर्बीनं भव्य आराखडे काढले, चित्रपट कोसळला, आणि तीच संहिता आणि चित्रं १९८० मध्ये सीआयएनं तेहरानमधून सहा अमेरिकनांना बाहेर काढण्यासाठी बनावट चित्रपटाचा मुलामा म्हणून वापरली. ती चित्रं वेगळ्या पोर्टफोलिओत मिळतात.

शेवटी आपल्या हवामानाचं. मे अखेरच्या नवतप्यात पार्सल आलं तर लगेच उघडून पानं ताणू नका. दिवसभर स्कूटरच्या डिक्कीत तापलेल्या पुस्तकाचा गोंद मऊ पडलेला असतो, दोन तास घरात सपाट ठेवा. त्यानंतर कणा सरळ आहे का, कोपरे दबलेत का आणि जोडचित्रं समोरासमोरच्या पानांवर पडलीत का, ते तपासा. एखादं पान कमी असेल तर तिथंच जोड बिघडलेली दिसते. घरातला खरा शत्रू उन्हापेक्षा कूलर. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा कोटेड कागद ओढून घेतो, पानं लहरी होतात, आणि थेंब पडून सुकले तर दोन पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना रंगाचा थर निघून येतो. म्हणून शेल्फ कूलरच्या झोतासमोर नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको, मागे दोन बोटं जागा सोडा. पुस्तक उभं ठेवा, दोन्ही बाजूंनी आधार देऊन. तिरपं राहिलं तर एका उन्हाळ्यात कणा कायमचा वाकतो. तर्रीपोहे खाऊन हात धुवा. कोटेड कागदावरचं तेल लगेच पुसलं तर निघतं, पण कव्हरच्या घडीत शिरलं की अरिशेमच्या लाल चिलखतावर कायमचा डाग.